सात नंबरची पायपट्टी

"नऊ बायांच्या टाचांनी करून ठेवायचं आणि कंबर मोडायची आमची," मिस्त्री माझ्या कानाशी पुटपुटले.

कानाशी म्हणजे अगदी कानाशीच. आम्ही दोघं एका लांबलचक टेबलाखाली उताणे पडलो होतो. मध्ये एक बॅटरी आणि सरसाचा डबा. पन्नाशी उलटलेल्या दोन माणसांनी अशा अवस्थेत जितकं सभ्य राहावं, तितके आम्ही सभ्य होतो.

"ऐकू येतंय मला," मी म्हटलं.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय. आख्खी पट्टी नवी टाकली असती तर अर्ध्या दिवसात मोकळे झालो असतो. पण नाही. बाईंना खळगे हवेत."

बाईंना, म्हणजे मला, खळगे हवे होते, हे खरं.

ती इमारत म्हणजे जुनं टेलिफोन एक्स्चेंज. पहिल्या मजल्यावर एकच लांब दालन, उंच खिडक्या, आणि एका भिंतीला लागून तो बोर्ड. नुसती भोकं, वायरी आणि पितळी पिना. बोर्डापुढे शिसवी टेबल, टेबलापुढे नऊ जागा. यंत्रं आपली आपण फोन जोडायला लागली तेव्हा एक्स्चेंजला कुलूप लागलं, ते चाळीस वर्षांनी आता उघडलं होतं. इथे वाचनालय व्हायचं होतं. बोर्ड आणि टेबल आहे तसं ठेवायचं, आणि ऑपरेटर बसायच्या त्याच नऊ जागांवर वाचकांनी बसायचं, असं नकाशात ठरलं होतं.

टेबलाखाली, जमिनीपासून वीतभर वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय टेकवायची लाकडी पट्टी होती. उंच स्टुलांवर बसून आठ-आठ तास टाचा तिच्यावर टेकलेल्या. प्रत्येक जागेखाली दोन खळगे. नऊ जागा, अठरा खळगे. एक कुणीतरी पाय अगदी जुळवून बसणारी होती. एकीचे पाय अंतराअंतरावर, ऐसपैस. तीन नंबरवालीचा डावा खळगा तिरका, म्हणजे बाई सारखी दाराकडे बघत असणार. मी त्या खळग्यांत बोटं घालून बसले की मिस्त्री विचारायचे, "काय, नाडी लागली का?"

माझं काम लाकडाला पॉलिश करण्याचं. कुठे शिकले नाही. लग्नात आलेलं कपाट बिघडवता बिघडवता शिकले, मग शेजारणींची कपाटं बिघडवली, आणि हात बसेपर्यंत सगळ्या गल्लीने सोसलं. हे एक्स्चेंजचं काम मात्र मी हट्टाने मागून घेतलं, कारण त्या नऊ जागांपैकी सात नंबर माझ्या आईची. आणि मावशीची.

दोघी बहिणी, जागा एकच. सकाळी सहा ते दोन मावशी, दोन ते दहा आई. घरात आमच्याकडे फोन नव्हता, पण फोनवरचा आवाज होता. आई भाजीवाल्याशीसुद्धा त्या आवाजात बोलायची, आणि तो बिचारा गोंधळून वजनाला जास्तच टाकायचा. ड्युटीवरून आली की तिच्या केसांत हेडफोनच्या पट्टीची एक चपटी वाट पडलेली असायची. मी तिच्या मांडीवर चढून ती वाट बोटांनी विस्कटायचे. सुट्टीत मावशीचा डबा घेऊन जायचे तेव्हा जिन्यात चपलांची रांग दिसायची, आणि वरून नऊ जणींची एकदम कुजबुज, जशी पाखरं दाणे टिपताहेत. तेवढ्यात कुणीतरी हसायचं. ती मावशी. तिला हसू आवरायचं नाही, म्हणून तिला कोपऱ्याजवळची जागा दिलेली.

मावशी एक्स्चेंजच्या शेवटच्या दिवशी गेली. चौतिसाव्या वर्षी, सात नंबरवर बसल्या बसल्या. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. शेवटचे पंधरा दिवस बोर्डाची एकच जागा चालू ठेवली होती, त्यामुळे दालनात दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी सहाला कुलूप लावायला आलेल्या पहारेकऱ्याला ती दिसली, हेडफोन डोक्यावर तसाच. आमच्याकडे याबद्दल एकच वाक्य ठरलेलं आहे, "मावशी ड्युटीवर गेली." त्यापुढे कुणी जात नाही. बाबा असेपर्यंत ते गेले नाहीत, आणि मीही कधी गेले नाही.

आता आई एकोणऐंशीची. माझ्याकडेच असते. आठ वर्षं झाली, उजवा हात कापतो, चहाची बशी तिच्या हातात गाणं म्हणते. रोज संध्याकाळी मी घरी पोचले की पहिला प्रश्न, "बोर्ड आहे ना गं?" तिला एकदा त्या जागेवर नेऊन बसवायचं, तिचं तिला दाखवायचं, एवढ्यासाठी माझा सगळा आटापिटा होता.

पट्टी सगळीकडे धड होती. फक्त सात नंबरखालचा हातभर तुकडा आतून भुसा झालेला. तो मिस्त्रींनी कापून काढला आणि तिथे नवं सागवान सांध्यात बसवलं. नव्याला जुनं म्हणून खपवायचं नाही, हा या कामातला नियम. म्हणून नवा तुकडा सरळसोट, खळगे-बिळगे काही नाही. आणि त्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या अंगावर दाभणाने तारीख कोरायची, म्हणजे पुढेमागे कुणी उघडलं तर त्याला कळावं. तारीख मी कोरली. स्क्रू मिस्त्रींनी आवळले.

नऊ दिवसांनी मी पॉलिशचा बोळा घेऊन एक नंबरपासून सरकत सरकत सात नंबरला पोचले. बोळा सरळ जायचा तो खाली गेला. थोडा पुढे नेला, परत खाली गेला.

दोन खळगे.

मी टेबलाखालून बाहेर आले. "मिस्त्री, जुना तुकडा परत का बसवलात?"

"मी कशाला बसवू? तो त्याच दिवशी शेकोटीत गेला."

"मग हे काय?"

ते वाकून बघून आले. "शाबास. काचपेपरने घासून घासून खळगे पाडलेत, आणि आळ माझ्यावर? वेड कुणाला आहे खळग्यांचं?"

दोन दिवस आम्ही बोललो नाही. निरोप वायरमनमार्फत. "त्यांना सांग, स्पिरिटची बाटली उन्हात ठेवू नका." "त्यांना सांग, मला बाटली कुठे ठेवायची ते कळतं." वायरमन तिशीतला, लग्न ठरलेला. एकदा म्हणाला, "माझी तालीम होतेय, चालू द्या."

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी रागारागाने स्क्रू काढले आणि तुकडा माझ्यापुढे उपडा धरला. मागे माझ्याच अक्षरात तारीख. बारा दिवसांपूर्वीची. त्यांनी तुकडा उलटा केला, खळग्यावरून अंगठा फिरवला, मग खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरला.

"काचपेपरचे ओरखडे राहतात," ते म्हणाले. "याला नाहीत."

नव्हतेच. लाकडाचे रेषे दबून गुळगुळीत झाले होते, जुन्या उंबऱ्याचे होतात तसे.

"लाकूड मऊ निघालं," मिस्त्री म्हणाले.

"हो. मऊच निघालं," मी म्हटलं.

हातात सागवान होतं. दोघांनाही ते कळत होतं. पण त्या क्षणी आमचं भांडण मिटलं, आणि ते इतकं पटकन मिटलं, याचंच मला नंतर वाईट वाटत राहिलं.

तुकडा परत बसवला. रोज सकाळी आल्यावर मी मोजपट्टी लावायला लागले. सोमवारी डावा तीन मिलिमीटर, उजवा चार. मंगळवारी डावा तीन, उजवा पाच. डावा पुढे हलेना. उजवा मात्र रोज खोल. पॉलिश लावलं की पाव तासात सुकतं. बाकी पट्टीवर सुकायचं, उजव्या खळग्यात दुपारनंतर पुसलेलं असायचं. आणि तो खळगा गरम असायचा. फार नाही. उठून गेलेल्या माणसाच्या खुर्चीत हात ठेवावा, तेवढा.

एकदा कळल्यावर मग सगळंच दिसायला लागलं. फरशी खराब होऊ नये म्हणून आम्ही जमिनीवर पुठ्ठे अंथरले होते. त्यांवर सगळ्यांच्या चपलांची मळकट वाट पडली होती. वाट बोर्डाला धरून सरळ जायची आणि सात नंबरच्या मागे आल्यावर पोट काढून वळायची, पुढे परत सरळ. तिथे काही ठेवलेलं नव्हतं. मी स्वतःची पावलं बघितली. माझीही वळत होती.

वायरमनने टेबलावर वाचायचे दिवे बसवले. मोजले तर आठ.

"जागा नऊ आहेत रे," मी म्हटलं.

"चुकलं मोजायला."

"मग बसव की नववा."

"बसवतो. उद्या." तो पक्कड पुसत राहिला. "तिथे वाकायला जागा पुरत नाही हो, बाई."

आठ नंबरला त्याला जागा पुरली होती. नऊ नंबर तर कोपऱ्यात.

बुधवारी नवी स्टुलं आली. फिरती, वर फोमच्या गाद्या, त्यांवर प्लास्टिक. मी आणि मिस्त्रींनी ती रांगेत लावली आणि प्लास्टिक काढलं. त्याच दुपारी लेव्हलबाई आल्या. लेव्हलबाई म्हणजे नकाशे काढणाऱ्या, सगळ्या कामाच्या प्रमुख. पर्समध्ये लिपस्टिकशेजारी पातळी बघायची स्पिरिट लेव्हल बाळगतात, म्हणून आमच्यात हे नाव. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं आणि सरळ उभं राहायला त्यांना वेळ लागला.

"हे नवं आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग लाकूड खातंय काहीतरी. कीड असेल तर हजारो पुस्तकं यायचीत इथे, मी धोका नाही घेणार. उद्या चारला वाचनालय समितीची माणसं येतात. तोवर हे थांबलं नाही, तर बोर्ड, टेबल, सगळं काढून टाकू. साधी टेबलं लावू."

"एवढ्याशा झिजेसाठी?"

"पॉलिशबाई, झिजायला कुणीतरी बसावं लागतं." असं म्हणून त्या हसल्या. मग हसू अर्धवट सोडून पर्सची चेन लावत बसल्या. जाताना त्याही वळूनच गेल्या.

घरी आईने विचारलं, "बोर्ड आहे ना गं?"

मी खोटं बोलणार होते, पण दमले होते. सगळं सांगितलं. खळगे, तारीख, मोजपट्टी. उद्या चार वाजता बोर्ड जाईल, हेही. ती शांतपणे ऐकत होती. बशी मात्र वाजत होती.

"उजवा जास्त?"

"हो. डावा तिथेच थांबलाय. उजवा रोज खोल जातो."

"वाट बघताना उजवा पाय हलायचा तिचा," आई म्हणाली. "पावणेदोन झाले की सुरू. आम्हाला जागेवरून उठायची परवानगी नव्हती. बदली येईपर्यंत जागा सोडायची नाही, कितीही वाजू देत. जी बदली येईल तिने मागून यायचं, डाव्या खांद्यावर हात ठेवायचा. मग बसलेलीने हेडफोन काढून द्यायचा आणि उजवीकडून उतरायचं. बोर्ड क्षणभरही रिकामा नाही. मी हात ठेवला की ती मागे न बघता म्हणायची, आलीस? आणि पाय थांबायचा."

बहिणी रोज भेटायच्या त्या अशा. एक पाठमोरी.

आईने बशी खाली ठेवली. "मला घेऊन चल उद्या. दोनच्या आधी."

गुरुवारी तिने कपाटातलं ठेवणीतलं पातळ काढलं. केस चापून बांधले. जिना चढताना तीन वेळा थांबली, पण माझा हात धरला नाही. वर आल्यावर दारात तिने चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या. आम्ही कुणी तिथे चपला काढत नव्हतो.

दालनात मिस्त्री होते आणि वायरमन शिडीवर. खिडक्यांतून दुपारचं ऊन लांब पट्ट्यांनी जमिनीवर पडलं होतं. स्पिरिटचा वास.

"नमस्कार, आजी," मिस्त्री म्हणाले. "या, बसा. कुठली तुमची जागा?"

"माहितेय तुम्हाला," आई म्हणाली.

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्याकडेच बघत राहिले.

आई एक नंबरपासून चालत गेली. प्रत्येक स्टुलावर बोटं टेकवत, एकेकीचं नाव पुटपुटत. तोंडातल्या तोंडात, मला ऐकू आली नाहीत. सहा नंबरशी ती थांबली. मीही थांबले, कारण तेव्हा मला गादी दिसली.

बाकीच्या आठ गाद्या फुगीर होत्या. सात नंबरची मधोमध दबलेली होती. कालपासून त्या स्टुलावर कुणी बसलं नव्हतं.

टेबलाखालून बारीक आवाज येत होता. लाकडावर काहीतरी घासतंय, परत घासतंय, परत. लय होती त्याला. इतक्या दिवसांत मी तो ऐकला नसेल असं नाही. मी त्याला पंखा समजत होते.

पंखे अजून बसवलेच नव्हते.

वायरमन शिडीवरून उतरला आणि भिंतीला लागून उभा राहिला. माझ्या मनगटावरच्या घड्याळात दोन वाजायला दोन मिनिटं कमी होती.

आणि तिथे उभी असताना, का कोण जाणे, मला बालपणीची एक दुपार आठवली. माझ्या सगळ्या दुपारींतली सर्वांत लाडकी. आई अचानक घरी. पडदा ओढलेला, उन्हाची एक तिरीप चटईवर, आणि आम्ही दोघी पत्ते खेळतोय. डाव मांडून, मोडून, परत मांडून. आई जिंकत नव्हती, हसत नव्हती, पण उठतही नव्हती. मी मध्येच विचारलं होतं, आज जायचं नाही? ती म्हणाली होती, पान टाक. पुढे आयुष्यात काही बिनसलं की मी ती दुपार काढून बघायचे. आई माझ्यासाठी थांबली होती, एकदाच, सबंध दुपार.

ती दुपार कुठल्या दिवशीची, हे मी कधी मोजलं नव्हतं. मोजता आलं असतं. माझी वार्षिक परीक्षा नुकती संपली होती. संध्याकाळी पहारेकरी धावत आला होता.

चाळीस वर्षं मी ते मोजलं नव्हतं.

आई सात नंबरच्या मागे गेली. वळसा न घेता, सरळ.

तिने उजवा हात वर केला आणि हवेत ठेवला. बसलेल्या बाईचा डावा खांदा जिथे येईल, तिथे.

हात कापत नव्हता. आठ वर्षांत पहिल्यांदा तो कशावर तरी टेकल्यासारखा स्थिर होता.

टेबलाखालचा आवाज थांबला.

"मी आले गं," आई म्हणाली. फोनवरचा आवाज नव्हता तो. घरातला होता. "उशीर झाला."

कुणी हललं नाही.

"शेवटच्या पाळीने सगळ्या पिना उपसायच्या होत्या. दिवे घालवायचे होते. मला ते करायचं नव्हतं. म्हटलं, तू करशील. तू काय, हसत हसत करशील." ती थांबली. "सगळ्यांना मी सांगितलं, ताप होता. मला काही झालं नव्हतं. मी मुद्दाम आले नाही. घरीच होते. हिच्याशी पत्ते खेळत होते."

आणि हवेत ठेवलेला तिचा हात सावकाश माझ्या दिशेने वळला. खांदा वळला की त्यावरचा हात वळतो, तसा.